उजवा हात कोणी कापला

खुर्ची उलटी केली ती अण्णांनी. दुसऱ्या कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. वरून पुसून, चकचकीत करून गाडीत चढवली असती आणि विषय संपला असता. पण अण्णा सुतार. कारखान्यातून बाहेर जाणारी वस्तू खालून बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

चार वाजता संग्रहालयाची गाडी येणार होती. वडिलांना, म्हणजे तात्यांना, जाऊन बावीस वर्षं झाली होती आणि त्यांनी केलेली पहिली एका हाताची खुर्ची आज कायमची निघणार होती. नव्या दालनात, मधोमध, काचेत. दालनाचं नाव 'आधुनिकतावादी'. हे सगळं जमवून आणलं अण्णांच्या मुलीनं, बारकीनं. ती डिझाइन कॉलेजात शिकवते. दोन वर्षं संग्रहालयाच्या मागे लागली होती. पाटीचा मजकूरही तिनंच लिहिलेला:

'खुर्चीला दोन हात असतात, हा शेकडो वर्षांचा समज या सुतारानं मोडला. उजवा हात त्यानं विचारपूर्वक वगळला. जुनी चौकट जाणूनबुजून नाकारणारा हा पहिला आधुनिकतावादी.'

त्याच्याखाली घरच्यांतर्फे अण्णांची सही. सगळं खरं आहे म्हणून. सही अजून व्हायची होती.

अण्णांनी मेणाचं फडकं घेतलं. उपड्या खुर्चीच्या मागच्या खांबावरून, उजव्या बाजूनं, अंगठा फिरवत खाली आले.

अंगठा थांबला.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. खांबाच्या लाकडाचे धागे उभे जात होते आणि मध्येच, आगपेटीएवढ्या चौकोनात, आडवे. खाच होती. कोणी तरी ती इतकी बेमालूम बुजवली होती की नुसत्या डोळ्यांना दिसूच नये. मग त्यांनी पुढचा पाय बघितला. सीटच्या वर जिथे तो संपतो, तिथे पॉलिशच्या खाली करवतीचे दात. तिरके.

"बारके, इकडे ये."

"बाबा, मी फोनवर आहे."

"फोन ठेव."

बारकी आली. अण्णांनी तिचं बोट धरून त्या चौकोनावर टेकवलं. लहानपणी अशीच तिची बोटं धरून ते तिला लाकूड ओळखायला शिकवायचे.

"हिला दोन हात होते," अण्णा म्हणाले.

"असतील. आधी बसवला असेल, मग काढला. विचार बदलतो की माणसाचा. मी तर म्हणते, अजून चांगलं आहे."

"काढला नाही. कापला. आणि कापणारा सुतार नव्हता. हे बघ, करवत इकडून सुरू केली, अर्ध्यात हात भरून आला, मग तिकडून सुरू केली. दोन्ही काप मध्ये भेटलेच नाहीत. तात्यांनी झोपेत करवत धरली तरी असं कापलं नसतं."

"मग खाच?"

"खाच तात्यांनी बुजवली. ते काम त्यांचंच. म्हणजे आधी कोणी तरी कापला, मग त्यांनी सावरून घेतलं." अण्णा खाली फरशीवरच बसले. "विचारपूर्वक वगळला म्हणे."

बारकीनं बोट मागे घेतलं. वर्गातली तिची पहिलीच तासिका याच खुर्चीवर असते. लोक विचारायचे, एकच हात का? तात्या म्हणायचे, दोन लागतात कशाला? हे वाक्य तिनं पंचवीस ठिकाणी छापलं होतं. ती मुलांना सांगायची, आधुनिकतावाद काय ते या तीन शब्दांत आहे. जे लागत नाही ते टाका. आणि ते टाकायचं कोणी दुसऱ्यानं ठरवलं असेल तर? नुसतीच मोडतोड असेल तर?

"बाबा, मेण लावा," ती हळूच म्हणाली. "कोणाला कळणार नाही."

"मला कळलं ना."

तिला लगेच लाज वाटली. पण शब्द निघून गेले होते.

आत्या चहा घेऊन आली. अण्णांची धाकटी बहीण. गावातच राहते, आणि आज भावाच्या सहीला साक्षीदार म्हणून नवी साडी नेसून आली होती. उपडी खुर्ची बघून तिनं ट्रे धाडकन बाकावर ठेवला.

"सत्तावन्न वर्षं ही धड उभी होती. आजच उताणी पाडायची होती?"

अण्णांनी सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि बशीत चहा ओतला.

"बरं मग? आपल्या बापाचं नाव काचेत लागतंय आणि हा खाचा मोजत बसलाय. सही कर आणि मोकळा हो."

"खोट्यावर?"

"खोटं काय त्यात? खुर्ची तात्यांची. हात नाही म्हणजे नाही. तुला काय पोलिसात जबाब द्यायचाय?"

"आत्या बरोबर बोलतेय, बाबा."

"तू गप. तुझी मास्तरकी धोक्यात आहे म्हणून तुला ती बरोबर वाटतेय."

"आणि तुमचं काय धोक्यात आहे?" बारकीचा आवाज चढला.

अण्णांनी फडक्याची घडी घातली.

"चाळीस वर्षं मी हीच खुर्ची करतोय. एक करून झाली की वाटायचं, तात्यांनी एक हात सोडून द्यायची हिंमत केली. आपण काय केलं? नक्कल. लोक कौतुक करायचे आणि मला आतून लाज वाटायची. आता त्यांनीही सोडला नसेल, तर मी इतकी वर्षं कोणासमोर मान खाली घालून बसलो होतो?"

आत्यानं बशीत आणखी चहा ओतला.

हे सगळं वहिनी ऐकत होत्या.

खिडकीपाशी त्यांची जागा. ऐंशी पूर्ण झाली तरी रोज दोन तास येऊन बसतात आणि सीटा विणतात. शेजारी घमेल्यात भिजवलेला वेत, समोर घोडीवर लाकडी चौकट. वेत खालून वर घ्यायचा, उजव्या हातानं लांबवर ओढायचा, ताणायचा, पुन्हा खाली. तात्यांच्या थोरल्या मुलाची ही बायको. लग्न होऊन आल्या तेव्हा अण्णा पाच वर्षांचे आणि आत्या तीनची. सासू नव्हती. दोघांची नाकं पुसली ती यांनीच. नवरा लवकर गेला. त्यालाही आता पस्तीस वर्षं झाली.

त्यांच्या तोंडात एक वाक्य सत्तावन्न वर्षं होतं. लपवलं असं नाही. कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्यासारखं ते वाटलं नाही. आता पुन्हा गप्प बसता आलं असतं. भाऊजी चारपर्यंत स्वतःशी भांडतील, बहीण टोचेल, लेक रडेल, शेवटी सही करतील. पण मग हा माणूस रात्री जेवणार नाही. वहिनींना तो पाच वर्षांचा असल्यापासून माहीत होता.

आणि दुसरं म्हणजे, ती पाटी त्यांना आवडलीच नव्हती. तात्यांबद्दल इतकं लिहून खरं तेवढंच सुटलं होतं.

त्यांनी वेत ओढला, गाठ मारली.

"मी कापला," वहिनी म्हणाल्या.

आत्याच्या हातातली बशी कलली. चहा नव्या साडीवर.

"काय म्हणालीस?"

"खुर्चीचा हात. मी कापला. आधी ते फडकं लावा वन्सं, डाग पडेल."

"वहिनी, तुम्ही?" अण्णा उठून उभे राहिले.

"लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आठवा महिना होता मला. खाली मांडी घालून बसवेना. सभागृहाच्या साठ सीटा विणायच्या होत्या आणि तात्या लाकूड बघायला चार दिवस बाहेर. त्यांची ती स्वतःची खुर्ची. दोन्ही हातांवर केवढी नक्षी! वेली, पानं, पोपट. नक्षीसाठीच तर नाव होतं त्यांचं. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसायचं नाही. मी बसले."

"आई गं," बारकी म्हणाली.

"वेत ओढला की कोपर त्या पोपटाच्या चोचीवर. प्रत्येक ओढीला. एका सीटला दोनशे ओढी धर. दोन दिवसांत कोपर काळंनिळं. उशी बांधून बघितली, सरकते. तिसऱ्या दिवशी दुपारी उठले, करवत घेतली आणि कापला. अर्ध्यात हात भरून आला, ते भाऊजींनी बरोबर ओळखलं. मग पोट सांभाळत दुसऱ्या बाजूनं गेले."

"दादा काय म्हणाला?" आत्यानं विचारलं. दादा म्हणजे वहिनींचा नवरा.

"ते? ते म्हणाले, मी तुला ओळखत नाही. तात्या आले की असंच सांगणार."

सगळे हसले. अण्णासुद्धा. आणि मग अण्णांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांना खरा विचारायचा होता.

"तात्या काय म्हणाले?"

वहिनींनी हात पदराला पुसले.

"चौथ्या दिवशी संध्याकाळी आले. दारातच थांबले. कोणी कापला? मी म्हटलं, मी. वाटलं, आता माहेरी पाठवतात. ते आले, खुर्चीत बसले. बसून डाव्या उजव्या हातांनी असं... वेत ओढतात तसं करून बघितलं. दहा वेळा. मग विचारलं, कोपर दाखव. दाखवलं. माझ्या सख्ख्या बापानंही कधी माझं कोपर बघितलं नव्हतं, भाऊजी."

अण्णांनी वहिनींच्या कोपराकडे बघितलं.

"मग म्हणाले, सांगायचं होतंस. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नव्हतं. ते हो म्हणाले. नुसतं, हो. नंतर दोन दिवस कामाला हात नाही. प्रत्येकापाशी जाऊन उभे. रंधा मारणाऱ्याला विचार, कुठे दुखतं? पॉलिशवाल्याला विचार, मान अवघडते का? लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्या आठवड्यात सगळी बाकं चार बोटं उंच केली त्यांनी. आणि नक्षीची हत्यारं कापडात गुंडाळून ठेवली. माझ्या सासऱ्यांसारखी पानं कोरणारा माणूस नव्हता कोणी. पण पाठीला टोचतं म्हणून बंद केलं."

"आणि ते, दोन लागतात कशाला?" बारकीनं विचारलं. तिचं नाक लाल झालं होतं.

"ते लोकांना सांगायला. सुनेनं कापला म्हणून सांगितलं असतं तर लोकांनी मला नावं ठेवली असती. त्या काळात सासऱ्याच्या खुर्चीत बसणारी सून! त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं. मी त्यांच्यावर घालून बसले होते. फिटंफाट."

संग्रहालयातल्या बाई साडेतीनलाच आल्या. बरोबर दोन हमाल, घड्या घातलेली ब्लँकेटं आणि सहीचा कागद. बाई स्वभावानं चांगल्या, पण घाईत.

अण्णांनी सही केली नाही. आधी खाच दाखवली, मग तिरका काप, मग वहिनींना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं.

"गोष्ट फार सुंदर आहे. पण मला अडचण झाली आता. दालन आधुनिकतावाद्यांचं आहे. म्हणजे ज्यांनी जुनं काय ते समजून, विचार करून नाकारलं, त्यांचं. कोपर दुखलं म्हणून कापणं हा वाद नाही ना होत. तो इलाज झाला. तुम्हाला चालत असेल तर ही दारापाशीच्या खोलीत ठेवू. तिथे जुन्या कामाच्या वस्तू आहेत."

"दारापाशी? चपलांच्या शेजारी?" आत्या म्हणाली. सकाळची आत्या वेगळी होती. ती आता वहिनींच्या खुर्चीमागे जाऊन उभी होती. "आमची वहिनी आठव्या महिन्यात करवत घेऊन उभी राहिली ती चपलांशेजारी ठेवायला?"

बारकी बोलेपर्यंत अण्णांना वाटत होतं, ही आता आपल्याकडे रागानं बघेल. तिनं दोन वर्षं घासली होती. सकाळी मेण लावलं असतं तर आत्ता खुर्ची गाडीत असती.

"मॅडम, चूक माझी आहे," बारकी म्हणाली. "मी खुर्ची बघून माणसाबद्दल लिहिलं. काय टाकलं तेच बघितलं. का टाकलं ते विचारलंच नाही. या मोठ्या आईला तर मी कधी काहीच विचारलं नाही, आणि तिच्याच मांडीवर वाढले. पण तुम्ही म्हणता तो विचार तात्यांनी केलाय. दोन दिवस. कापलेल्या हाताजागी ते दुसरा पोपट बसवू शकत होते. त्यांना तर डोळे मिटून जमलं असतं. नाही बसवला. उलट ज्या नक्षीनं नाव मिळालं ती सोडली. आणखी किती जाणूनबुजून हवं?"

"पण त्याला पुरावा काय? तुटलेली खुर्ची बुजवून ठेवली, एवढंच दिसतंय. नंतर त्यांनी मुद्दाम एका हाताची केलेली एखादी शिल्लक असती तर..."

"त्याच आठवड्यात केली की," वहिनी म्हणाल्या. "माझ्यासाठी."

"कुठे आहे ती?"

"मी बसलेय तिच्यावर."

बाई एकदम वाकल्या. हमालही वाकले. वहिनींना उठवायला बारकी आणि आत्या दोघी धावल्या. खुर्ची उजेडात आली. नक्षी नाही, पोपट नाही. उजव्या खांबाला खाच नाही, कधी नव्हतीच. डावा हात जरा खाली उतरता, उठताना पोटुशी बाई ज्यावर भार देईल असा. अण्णा रोज ही खुर्ची बघत होते. हीच तर ते चाळीस वर्षं करत होते. तो उतार त्यांनी दर वेळी जसाच्या तसा उतरवला होता, आणि तो कशासाठी आहे हे त्यांना आत्ता कळलं.

"दोन्ही शेजारी शेजारी," बाई म्हणाल्या. घाई गेली होती. "मधोमध. पाटी नवी लागेल."

बारकी तिथेच बाकावर टेकून लिहायला बसली. पहिली खुर्ची: हात सुनेनं कापला, वेत विणताना कोपर लागत होतं म्हणून. दुसरी: सासऱ्यानं ते कोपर बघून केली. एवढंच लिहून तिनं कागद वहिनींसमोर धरला.

"आता बरंय," वहिनी म्हणाल्या. "आता ते माझे सासरे वाटतात. आधी कोणी तरी मोठा माणूस वाटत होता."

"आणि आधुनिकतावादी कोणाला म्हणायचं, आजी?" बाईंनी हसत विचारलं. "तुम्हाला की त्यांना?"

"मला काय विचारता. मला कोपर दुखत होतं. त्यांना दुखत नव्हतं, तरी त्यांनी बदललं. त्याला तुमच्यात जे म्हणत असतील ते म्हणा." मग त्या म्हणाल्या, "मी आपली रोज बसताना त्यांची आठवण काढते. सत्तावन्न वर्षं माझं कोपर कशाला लागलेलं नाही."

अण्णांनी सही केली. आत्यानं साक्षीदार म्हणून केली, चहाचा डाग पदरात लपवत.

हमालांनी पहिली खुर्ची ब्लँकेटात गुंडाळली. दुसरी उचलायला आले तेव्हा घोडं अडलं.

"अहो, पण मी कशावर बसू?" वहिनी म्हणाल्या. "सीट अर्धी राहिलीय माझी."

"तुम्हाला उद्याच्या उद्या नवी करून देतो, वहिनी." अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली आणि जुन्या खुर्चीला पट्टी लावली. पाय, पाठ, उतार. सगळी मापं त्यांना पाठ होती, तरी घेतली. कागदावर आकडे उतरले. मग पेन्सिल तशीच हवेत राहिली.

गेली चाळीस वर्षं त्यांनी इथेच मापं घेणं थांबवलं होतं.

ते वळले.

"वहिनी, हिच्यात काही चुकतंय का?"

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. नाक पुसलेल्या पोराकडे बघतात तसं.

"सीट उंच होते," त्या म्हणाल्या. "एक बोट. म्हातारपणी पाय नीट टेकत नाहीत. रग लागते."

"कधीपासून?"

"झाली असतील दहा-बारा वर्षं."

"दहा-बारा वर्षं! आणि मी रोज इथे समोर. बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे, भाऊजी?"

"हो," अण्णा म्हणाले.

बाहेर गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. बारकी आणि बाई खुर्च्यांच्या मागोमाग गेल्या. अण्णांनी एक स्टूल ओढलं, वहिनींना त्यावर बसवलं आणि स्वतः त्यांच्यासमोर फरशीवर गुडघे टेकले. आधीचा आकडा खोडला.

"चप्पल काढा," ते म्हणाले. "टाच अशी टेकवा. आरामात. घाई नाही."

आणि त्यांनी जमिनीपासून वहिनींच्या गुडघ्यापर्यंत पट्टी लावली.